दाजी, आखूड नळीचा वाद राहिला

दाजी, तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय आणि कंपनीने तुमच्या कॉटवर नवा माणूस आणून टाकलासुद्धा. केरळचा आहे. गरीब स्वभावाचा, भिंतीकडे तोंड करून झोपतो. पहिल्या शुक्रवारी मी सवयीने मेसमधून दोन चहा घेऊन खोलीत आलो आणि काय करावं ते न सुचून दुसरा कप त्याच्या हातात दिला. त्याने 'थँक्यू भाई' म्हटलं, मुकाट्याने प्यायला आणि कप विसळून आणला. मला त्याचा असा काही संताप आला! त्याने काय करायला हवं होतं म्हणाल, तर पहिला घोट घेऊन मला मूर्खात काढायला हवं होतं. ते त्या बिचाऱ्याला कुठून जमणार?

इथे सौदीत, अल खफजीत मी आल्यापासून आपला शुक्रवार एकाच वादात गेला. बाकीचे क्रिकेटवर भांडायचे, मेसच्या पाणचट डाळीवर भांडायचे. आपण भांडायचो ते गावाकडच्या तुमच्या रिव्हॉल्व्हरवर. बत्तीस बोअरचं, परवान्याचं, कमरेला लावलं तर शर्टाखाली दिसू नये एवढ्या आखूड नळीचं. त्यात गोळी कुठली भरावी? तुम्ही म्हणायचात, हलकी आणि वेगवान, पोकळ तोंडाची. लागली की आत फुलते आणि माणूस जागच्या जागी बसतो. मी म्हणायचो, फुलायला वेग लागतो आणि वेग यायला नळी लागते. तुमच्या नळीत दारू पुरती जळायच्या आत गोळी बाहेर पडलेली असते, उरलेली दारू नुसता जाळ आणि आवाज करते. त्यापेक्षा साधी शिशाची, जड, सपाट तोंडाची घ्या. ती कमी वेगातही सरळ आत जाते.

"पाव्हणं, तुमी गेज बगा गेज," तुम्ही म्हणायचात. "गोळीचं आमाला इचारा. फौजेत काय भाकरी भाजत हुतो व्हय आमी?"

भाकरी नाही भाजलीत, पण फौजेतली बरीचशी वर्षं कोठारातल्या बंदुकांना तेल देण्यात गेली आणि हवालदार म्हणून निवृत्त होईपर्यंत एकदाही माणसावर गोळी झाडायची वेळ आली नाही, हे आक्काने मला केव्हाच सांगितलं होतं. मी ते कधी तोंडावर आणलं नाही. बहिणीच्या नवऱ्याला किती चिडवावं याला आमच्या घरात मर्यादा आहे. शिवाय डिप्लोमा घेऊन घरी बसलेल्या मेहुण्याला प्लांटवर इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून चिकटवलंत ते तुम्हीच. कॅम्प बॉसच्या मागे लागून मला स्वतःच्या खोलीत घेतलंत तेही तुम्हीच.

या वादातली खरी गंमत बाहेरच्या माणसाला सांगितली तर तो आपल्या दोघांना वेड्यात काढेल. परवानाधारक परदेशी निघाला की हत्यार जमा करून जावं लागतं. म्हणजे ज्या रिव्हॉल्व्हरवरून आपण घसा बसेपर्यंत भांडायचो ते साताऱ्याच्या बंदुकांच्या दुकानदाराच्या तिजोरीत पडलेलं असायचं, काडतुसांसकट. तुम्ही सुटीला गेलात की सोडवून आणायचं, महिनाभर कपाटात ठेवायचं आणि निघायच्या आधी पुन्हा नेऊन द्यायचं. बाकीचं सगळं वर्ष आपण इथे वाळूत बसून त्याच्या गोळीचा वेग मोजायचो. तुम्ही खफजीच्या बाजारातल्या सायबर कॅफेत जाऊन अमेरिकन लोकांच्या चाचण्या वाचून यायचात. ते म्हणे जेलीच्या ठोकळ्यावर जीन्सच्या कापडाचे थर चढवतात आणि त्यावर गोळ्या झाडतात. मी म्हणालो, "दाजी, आपल्याकडचे दरोडेखोर बनियनवर येतात, अंगाला तेल चोपडून. त्यांची चाचणी केलीय का कुणी?" तुम्ही इतके हसलात की चहा नाकात गेला. मग तसेच उठून घरी फोन लावायला गेलात.

कारण दरोडा खरा होता. तुमच्या शेजारच्या मळ्यावर पडला होता. म्हाताऱ्याला बाजेला बांधून घातलं आणि सुनेच्या कानातलं ओरबाडून नेलं. तुमचं घर गावापासून त्याच्याही पलीकडे, उसाच्या आत. सौदीच्या कमाईवर बांधलेलं, वर गच्ची, पुढे ओटा, आणि त्यात आक्का एकटी. तुमची मुलगी मनीषा लग्न होऊन पुण्याला गेलेली. आक्का गावात राहायला यायला तयार नव्हती. "घर काय कुलपं लावाय बांदलंय?" म्हणायची. तेव्हा तुम्ही सुटी वाढवून घेतली, खटपट करून परवाना काढलात, रिव्हॉल्व्हर आणलंत, आणि आठवड्याभरात ते जमा करून विमानात बसलात.

नंतर तुमच्या डोक्यात आलं की परवाना आक्काच्याच नावावर काढावा. झालं, वाद नव्याने सुरू. आता हात आक्काचा होता. तुम्ही म्हणालात, हलक्या गोळीला झटका कमी, म्हणजे माझंच बरोबर. मी म्हणालो, रोज दोन म्हशींच्या धारा काढणारा हात आहे तो, त्याला झटक्याचं काय कौतुक? अशा गोष्टी आपण किती गंभीरपणे बोलायचो, दाजी! तिकडे आक्का परवान्याच्या मुलाखतीला सरकारी कचेरीत एकटीच गेली. तिथल्या साहेबाने विचारलं, हत्यार कशाला हवं? ती म्हणाली, मालक परदेशात असतात. साहेब म्हणाला, "मग बाई, परवाना कशाला मागताय? मालकांनाच बोलवून घ्या की." कचेरीतले सगळे हसले आणि अर्ज तिथेच राहिला. हे तिने आपल्याला फोनवर सांगितलं, तुम्ही स्पीकर लावला होता.

"बरूबर बोलला की त्यो," आक्का म्हणाली, आणि तीही हसली.

तुम्ही फोन ठेवलात आणि सुटीचा दिवस असताना ड्युटीचे बूट काढून पॉलिश करत बसलात. पुढच्या शुक्रवारी आपण भांडलो नाही. मला फार विचारायचं होतं, दाजी, मग जात का नाही? पण उत्तर पाठ होतं. आधी मनीषाचं लग्न, मग वरचा मजला, मग विहिरीवरची मोटार, मग एकच काँट्रॅक्ट आणि मग फायनल एक्झिट, कायमचं घरी. इथे असा एकही माणूस नाही ज्याच्याकडे हे उत्तर नाही. माझ्याकडेही आहे.

मध्यंतरी या देशात परदेशी लोक राहतात त्या कंपाऊंडांवर हल्ले झाले, ते दिवस आठवतात? आपल्या कॅम्पाच्या गेटवर सिमेंटचे ठोकळे आले, वाळूची पोती आली, बंदूकवाले सौदी शिपाई आले. तुम्ही सिक्युरिटी सुपरवायझर खरे, पण परदेशी माणसाच्या हातात इथे हत्यार कोण देतो? तुमच्याकडे वॉकी-टॉकी, टॉर्च आणि शिट्टी. एका दुपारी एक पिकअप रस्ता सोडून थेट गेटवर आली. थांबेना. शिपाई खोलीतून बाहेर येईपर्यंत तुम्ही दोन्ही हात वर करून तिच्यासमोर उभे राहिला होतात. मी प्लांटच्या बसमधून उतरत होतो, मी हे डोळ्यांनी पाहिलंय. गाडी ठोकळ्यावर आदळली, मागची फळी उघडली आणि धडाधड मेंढ्या बाहेर पडल्या. चालवणारा वाळवंटातला बद्दू म्हातारा, ब्रेक गेले होते. तो तुमच्या गळ्यात पडून रडला. मग अर्धा कॅम्प मेंढ्यांच्या मागे, कुणी लाँड्रीत, कुणी मेसमध्ये. मोठमोठे इंजिनिअर मेंढ्या उचलून आणत होते.

चहा घेताना मी विचारलं, "दाजी, हातात असतं तर?"

"मारला आसता म्हाताऱ्याला," तुम्ही म्हणालात. "येवढ्या जवळनं कुटली बी गोळी चालती." मग कप खाली ठेवलात. "तुमच्या आक्काला ह्यातलं काय सांगू नका."

मला वाटलं, आता हा वाद मिटला. पण तुम्ही पुढच्या शुक्रवारी नवीच माहिती घेऊन हजर, आखूड नळीसाठी म्हणे लवकर जळणारी दारू वेगळी बनवतात. तेव्हा मला उमगलं की तुम्हाला घराविषयी बोलायचं असतं. 'आक्का एकटी आहे आणि मला भीती वाटते' हे वाक्य तुमच्यासारख्या माणसाच्या तोंडातून कधी बाहेर पडलं नसतं. म्हणून वेग, नळी, दारू. मग मीही जोरात भांडायला लागलो. तुम्ही बोलत राहावं असं मला वाटायचं.

गेल्या वर्षी आपली सुटी जुळून आली आणि वादाचा निकाल लावायचं ठरलं. तुमची ती परदेशी पोकळ तोंडाची काडतुसं! दुकानदाराच्या जुन्या साठ्यातून मिळवलेली, आणि परवान्यावर काडतुसं मोजून मिळतात म्हणून त्यातलं एकही तुम्ही कधी उडवलं नव्हतं. चांगली आहेत म्हणून ठेवलेली. तुमच्या घरात सगळंच तसं. तुम्ही नेलेली ब्लँकेटं अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत, अत्तराच्या बाटल्यांची सीलं शाबूत, जेवणाचा सेट खोक्यात. वापरायचं ते सगळं कायमचं परत आल्यावर. आपल्या कॅम्पातल्या प्रत्येकाच्या घरी एक तरी असं कपाट असेल.

आपण बांधाला ओल्या वर्तमानपत्रांचा जाड गठ्ठा रचला. तुम्ही एक तुमची गोळी झाडलीत, एक माझी. मग दोघं गुडघ्यावर बसून लगदा उकरायला लागलो. माझी सपाट तोंडाची गठ्ठा पार करून बांधाच्या मातीत गेली होती. तुमची पोकळ गोळी मधेच सापडली. फुलली नव्हती. तोंडात कागदाचा लगदा गच्च भरलेला आणि आकार होता तसा. मी उड्या मारल्या, दाजी, अक्षरशः उड्या मारल्या. तुम्ही ती गोळी तळहातावर घेऊन बराच वेळ बघत होतात.

"काडतूस जुनं हाय," शेवटी म्हणालात. "ठिवून ठिवून दारू सर्दावली."

"नळी आखूड आहे, दाजी."

"न्हाय. काडतूस जुनं हाय. फुडल्या सुट्टीत फ्रेश आनू, मग बगू."

आक्का गोठ्याच्या दारात कानांत बोटं घालून उभी होती. "झालं आसंल तर जेवाय चला," ती म्हणाली. "म्हशी बिथरल्यात नुसत्या." आणि खराटा घेऊन तिने बांधावरचा सगळा लगदा झाडून काढला. जेवताना आपण पुन्हा भांडलो. आक्का वाढत होती आणि मधूनच हसत होती. आपण तिघं एकत्र जेवलो ती शेवटची सुटी.

छातीतली कळसुद्धा तुम्ही ठेवून दिलीत. उन्हाळ्यात सुरू झाली होती. तुम्ही तिला ॲसिडिटी म्हणायचात आणि गुलाबी औषधाचे घोट घ्यायचात. दवाखान्यात चला म्हटलं की म्हणायचात, "हितं कशाला? सुट्टीत साताऱ्यात दावतो की चांगला डाक्टर बगून." त्या सकाळी ड्युटी बदलताना गेटच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसलात आणि उठला नाहीत. वॉकी-टॉकी हातातच होता, त्यावर पुढचा माणूस तुम्हाला हाका मारत होता. मला प्लांटवरून बोलावून घेतलं तोवर तुम्हाला हॉस्पिटलमध्ये नेऊन चादर घातलेली होती. डॉक्टर इजिप्तचा. त्याने विचारलं, याने कधी तक्रार केली होती का? मी म्हणालो, केली होती. त्याने मान हलवली आणि लिहायला घेतलं. मला त्याच्या अंगावर ओरडायचं होतं की माझे दाजी तुमच्या टेबलावर मरायला आले नव्हते, त्यांना साताऱ्याच्या डॉक्टरला दाखवायचं होतं.

मग पोलिसांचा कागद, वकिलातीचा कागद, आक्काच्या अंगठ्याचा फॅक्स. कंपनीच्या माणसाने तुमचा पासपोर्ट माझ्यासमोर ठेवला. त्यावर फायनल एक्झिटचा शिक्का मारलेला होता. मेलेल्या माणसालाही या देशातून जायला तो लागतो, हे मला माहीत नव्हतं. मला सोबत जाऊ दिलं नाही. प्लांट बंद ठेवून दुरुस्ती करायचं शटडाऊन चालू होतं, माझा पासपोर्ट त्यांच्याकडे, आणि मॅनेजर खरोखर वाईट वाटून म्हणाला की शटडाऊन संपल्यावर बघू. दम्मामला कार्गोच्या दारापर्यंत मी आलो, दाजी. पुढे तुम्ही एकटेच गेलात. मी परत आलो आणि दुसऱ्या दिवशी प्रेशर गेज तपासले. सगळे बरोबर होते.

आता एक सांगतो, जे तुम्ही असताना मला सांगता आलं नाही. मी इथे आलो तो पहिला महिना तुम्हाला आठवत असेल. मी बाथरूममध्ये जाऊन रडायचो आणि नळ सोडून ठेवायचो. तुम्हाला ते ऐकू यायचं, मला ठाऊक आहे. तुम्ही कधी समजूत घातली नाहीत. एका शुक्रवारी दोन चहा घेऊन आलात, सिगारेटच्या पाकिटामागे रिव्हॉल्व्हरचं चित्र काढलंत आणि म्हणालात, "पाव्हणं, तुमी डिप्लोमावालं. सांगा बगू, नळी आखूड केली तर गोळीचा येग किती पडंल?" मी डोळे पुसून उत्तर दिलं. तुम्ही म्हणालात, साफ चूक. मला इतका राग आला की मी जेवणाची वेळ होईपर्यंत भांडत होतो, आणि त्या रात्री मी पोटभर जेवलो. दाजी, तुमच्यामुळे मी टिकलो. तुमच्या जिवावर माझी एवढी वर्षं निघाली. तुमच्या तोंडावर मी फक्त 'तुमचं चुकतंय' एवढंच म्हणत आलो.

परवा शुक्रवारी आक्काला फोन केला. तेरावं झालं, पाहुणे पांगले. मनीषा तिला पुण्याला नेण्यासाठी अडून बसली होती, पण आक्का गेली नाही. पोलीस पाटील येऊन सांगून गेले म्हणे, की परवाना माणसाबरोबर संपतो. रिव्हॉल्व्हर दुकानदाराकडेच आहे, वारसाला हवं असेल तर स्वतःच्या नावावर अर्ज करावा, नाहीतर विकून टाकावं. मला एकदम हुरूप आला. मी बोलत सुटलो. म्हटलं, आक्का, विकू नको. अर्ज कर, या वेळी साहेबाला मी फोन करतो. ताजी काडतुसं घेऊ, सपाट तोंडाची, जड, तीच आखूड नळीला बरी. दुकानदार आधी दुसरीच देईल, ती घेऊ नको. शटडाऊन संपलं की मी येतो आणि तुला झाडायला शिकवतो.

तिने माझं सगळं बोलून होऊ दिलं. मग म्हणाली, "नगं रं. ईकून टाकाय सांगितलंय म्या."

"अगं, पण मळ्यात एकटी तू. कुणी आलं म्हणजे?"

"यीना का."

"असं काय बोलतेस? निदान दार तरी नीट लावून झोपत जा."

"लावत हुते की मी," आक्का म्हणाली. "येवढी वरसं एकटी ऱ्हायले, कवा भ्याले न्हाय. तुमी दोगं तिकडं भ्यायचा. मी म्हनायचे, ह्ये परत येतील तवा घर जागच्या जागी दिसाय पायजे. येक चमचा बी हिकडचा तिकडं होऊ दिला न्हाय. ती ब्लँकेटं बी उनात घालून परत घडी करून ठिवायचे." तिचा आवाज रडवेलासुद्धा नव्हता. "आता कुनासाटी राकू, सांग?"

मी फोन कानाला धरून कॉटवर बसून होतो. केरळचा माणूस उठून बाहेर गेला. ती बराच वेळ फोनवर थांबली, दाजी. तिला वाटलं असावं, मी काहीतरी सांगेन.